खपलीवजा शैवाके : कोकणातील नव्या जातींचा शोध आणि वर्गीकरण

शैवाक म्हणजे कवक आणि शैवल (काहींत नील-हरित जीवाणू) यांचे सहजीवन. जी शैवाके सालीला किंवा दगडाला इतकी घट्ट धरून असतात की तो तुकडा कापल्याशिवाय निघत नाहीत, ती खपलीवजा. गोडा मसाल्यातले दगडफूल यांत मोडत नाही. ते पानासारखे पसरते आणि हाताने सुटते. कोकणात पोफळीच्या खोडावरचे पांढुरके, राखाडी चट्टे आणि जांभ्याच्या चिऱ्यावरचे डाग पुष्कळदा याच गटातले असतात. त्यांना झाडाचा रोग समजून खरवडण्यात अर्थ नाही. अन्न त्यांना स्वतःच्या शैवलाकडून मिळते, साल ही केवळ बसायची जागा.

उष्ण, दमट प्रदेशातल्या गुळगुळीत सालीवर ग्राफिडेसी कुलाच्या जाती विपुल असतात. त्यातल्या अनेकांची फळे काळ्या, वाकड्या रेघांची असतात, घाईत खरडलेल्या मोडीसारखी. त्यांचे शैवल बहुधा ट्रेन्टेपोलिया. तेच शैवल मोकळेही वाढते आणि खोडांवर, भिंतींवर नारिंगी थर धरते.

रानात फक्त नमुना गोळा होतो: सुरीने सालीचा पातळ काप किंवा छिन्नीने दगडाची कपची, कागदी पाकीट, त्यावर गाव आणि झाडाचे नाव. जात नवी की जुनी हे ठरते टेबलावर. फळाचा पात्याने काप घेऊन बीजाणू मोजतात: फळातल्या एका सूक्ष्म पिशवीत किती, बीजाणूच्या आतले पडदे आडवेच की उभेही, रंग कोणता, आयोडिनने निळसर होतात का. पोटॅशच्या थेंबाने सुयांसारखे लाल स्फटिक उठले तर नॉरस्टिक्टिक आम्ल (शैवाकाने स्वतः बनवलेले रसायन) असण्याची शक्यता. खात्री पातळ थर क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रसायने पातळ थरावर वेगळी करून, होते. अतिनील दिव्याखाली खपली पिवळी चमकली तर लायकेझँथोन हे दुसरे रसायन असू शकते. मग जुन्या प्ररूप नमुन्यांशी, म्हणजे ज्यांवरून जातीला मुळात नाव दिले त्यांच्याशी, तुलना. हे काम किचकट, कारण एकोणिसाव्या शतकातले कित्येक नमुने जिनिव्हा आणि हेलसिंकी येथील संग्रहांत आहेत.

वर्गीकरणही स्थिर राहिलेले नाही. बीजाणू रंगहीन की तपकिरी, आणि पडदे आडवे की जाळीदार, एवढ्यावरून ग्राफिस, ग्राफिना, फेओग्राफिस, फेओग्राफिना अशा चार प्रजाती (जवळच्या जातींचे गट) पूर्वी मानल्या जात. सोयीची, पण कृत्रिम चौकट. शैवाकांच्या अभ्यासक बेटिना श्टायगर यांनी 2002 मध्ये फळाची रचना विचारात घेऊन ती मोडली. पुढे डीएनएनेही तिला आधार दिला नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखिजा आदींनी या गटावर दीर्घकाळ काम केले. जुन्या चौकटीत नावे मिळालेल्या अनेक जाती आता वेगळ्या प्रजातींत गेल्या आहेत. एकाच तुकड्यावरून, एका आम्लाच्या फरकावर उभी केलेली जात संशयाने पाहावी. वेगवेगळ्या झाडांवरचे नमुने जुळले तरच ती टिकते. डीएनए काढतानाही सावध राहावे लागते, कारण खपलीत शैवल आणि इतर कवकेही मिसळलेली असतात.

शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातल्या कवकाचे मानले जाते. म्हणून 2013 पासून नवे नाव कवकांच्या मान्य नोंदवहीत क्रमांक मिळवल्याशिवाय वैध ठरत नाही. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जात शोधणाऱ्याने नियुक्त संग्रहालयाला ती कळवून नमुना तेथे जमा करावा लागतो.