ॲक्रिलेट: कवळीतनं नखावर, नखावरनं क्रीममध्ये

सनस्क्रीनच्या ट्यूबमागं बारीक अक्षरात 'ॲक्रिलेट्स' दिसलं आणि सांगलीत विश्रामबागच्या आमच्या मैत्रिणींच्यात एकच गोंधळ, हे तर भिंतीच्या रंगात असतं म्हणून. असतंच की. पण एवढ्यावरनं ट्यूब फेकायच्या आधी जरा मागचं बघू.

ओटो रोम नावाच्या जर्मन केमिस्टनं १९०१ मध्ये या ॲक्रिलेटच्या घराण्यावरच, म्हणजे ॲक्रिलिकवर पीएचडी केली, पुढं १९३३ मध्ये त्याच्या कंपनीनं काचेसारखं प्लास्टिक आणलं, प्लेक्सिग्लास. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटला अशाच प्लास्टिकच्या काचा होत्या, आणि त्या फुटून पायलटांच्या डोळ्यात घुसलेले तुकडे डोळा सहन करतो हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरनं हेरलं, १९४९ मध्ये त्याचीच लेन्स करून मोतीबिंदूच्या पेशंटला बसवली! मिरजेला जाऊन मोतीबिंदू काढून आलेल्या जुन्या पेशंटपैकी कितीतरी जणांच्या डोळ्यात हेच प्लास्टिक असणार.

मग त्रास कुठं होतो? कच्च्या मालानं, म्हणजे मोनोमरनं, ज्याचे सुटे रेणू अजून एकमेकांना जोडून प्लास्टिक झालेले नसतात. सांगलीतल्या कुठल्याही डेंटल लॅबमध्ये बघा, कवळीसाठी गुलाबी पावडर आणि पाण्यासारखं पातळ लिक्विड मिसळतात, वास सरळ डोक्यात जातो, ते मिथाइल मेथाक्रिलेट. थोड्या वेळात पीठ मळल्यासारखा गोळा होतो, साच्यात भरून गरम पाण्यात शिजवला की कडक, आणि नीट शिजलेली कवळी बहुतेकांना वर्षानुवर्षं काही करत नाही. पण त्या लिक्विडमध्ये रोज हात घालणाऱ्यांपैकी काहींच्या बोटांची टोकं फाटतात, बधिर होतात, आणि पातळ ग्लोव्हजमधनं ते काही मिनिटांत आरपार जातं.

हाच दातांचा मसाला पुढं अमेरिकेत खोटी नखं करायला नखांवर गेला. १९७० च्या दशकात नखं वाकडी झाली, ॲलर्जी आली अशा तक्रारी एफडीएकडं, म्हणजे तिथल्या औषधं-कॉस्मेटिक्सवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडं गेल्या, प्रकरण कोर्टात गेलं, मग धंदेवाले दुसऱ्या मेथाक्रिलेटकडं वळले. त्यानंतर आलं दिव्याखाली सुकवायचं जेल नेलपॉलिश, त्यातलं हेमा (HEMA) हेही एक मेथाक्रिलेटच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ॲक्रिलेटला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं, २०२० मध्ये युरोपनं हेमावाली नखांची प्रॉडक्ट्स फक्त प्रोफेशनल वापरापुरती ठेवली. आणि आपल्याकडं पोरी ऑनलाईन किट मागवून घरी बसून, जाड थर देऊन, छोट्याशा दिव्याखाली अर्धवट सुकवतात, वर कडक आणि खाली कच्चं, त्यात कडेच्या कातडीला लागलेलं वेगळंच.

क्रीम दाट करणारं कार्बोमर हा याच घराण्यातला पण शिजून झालेला माणूस, १९५० च्या दशकापासनं वापरात. चिमूटभर टाकलं की पाण्याचं जेल होतं, रेणू एवढा अवाढव्य की कातडीतनं आत जात नाही. त्याच्या काही जुन्या ग्रेड बेंझिन या कॅन्सर करणाऱ्या द्रावकात बनायच्या, त्या औषधांत वापरू नका असं एफडीएनं २०२३ च्या शेवटी कंपन्यांना सुचवलं, पण तो दोष बेंझिनचा. (टिकलीच्या गोंदानं कपाळावर पांढरा डाग पडतो ती तर तिसरीच भानगड, त्याचं खापर ह्याच्यावर नको.)

म्हणून मी ट्यूब ठेवीन, किट टाकीन. ही ॲलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही. जेलनं नखांभोवती खाज आली, पापण्यांवर पुरळ उठलं असेल तर स्किनवाल्याकडनं पॅच टेस्ट (पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी तपासतात ती) करून घ्या, आणि दातात सिमेंट भरायच्या आधी डेंटिस्टला सांगा, गुडघा बदलायचा असेल तर हाडांच्या डॉक्टरलाही, कारण तिथलं बोन सिमेंट ऑपरेशन टेबलावर कालवतात ते याच मिथाइल मेथाक्रिलेटचं.