तोंड आलंय, आणि साखरही सांभाळायचीय

जीभ सोलवटली की घरात पुढे येणारं ताट ठरलेलं असतं. सकाळी दुधात बुडवलेली बिस्किटं, दुपारी तूप घातलेला गुरगुट्या भात, संध्याकाळी साबुदाण्याची खीर. मायेने वाढलेलं असतं आणि मधुमेह नसलेल्या माणसाला ते मानवतंही. मधुमेह असेल तर मात्र दोन दिवसांत साखर चढते. चढलेली साखर लाळेतही उतरते, लघवी वाढून अंगातलं पाणी जातं, तोंड कोरडं पडतं, तोंडातल्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मग जीभ आणखी हुळहुळते. जिभेला आराम म्हणून जे खाल्लं, तेच तिला बरं होऊ देत नाही.

यातून सुटायचं तर आपल्या मनात एक झालेल्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: मऊ असणं आणि पिठूळ असणं. धान्य जितकं जास्त शिजवू, घोटू, गाळू, तितकं त्यातलं स्टार्च मोकळं होतं. जे दळण पोटाने सावकाश करायचं ते आपण स्वयंपाकघरातच उरकून देतो. शिवाय पातळ पेज जठरातून घट्ट अन्नापेक्षा लवकर पुढे सरकते. म्हणून त्याच तांदळाची पेज साखर झपकन वर नेते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि प्रथिनं नावापुरती. मऊपणा प्रथिनांतून, फळभाज्यांतून आणि थोड्या स्निग्धतेतूनही आणता येतो. मुगाचं वरण, पिठलं, अदमुरं दही, मऊ अंडं, वाफवून घोटलेला दुधी यांतलं काहीच जिभेला बोचत नाही.

ताटाकडे वळण्याआधी जीभ आरशात नीट बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं. पांढरे, दह्याच्या कवडीसारखे चट्टे असतील, पुसल्यावर खाली लालबुंद दिसत असेल, तर कँडिडा बुरशीची शंका घ्यावी. साखर बरेच दिवस वाढलेली असणं, रात्रीही न काढलेली कवळी, दम्याचा पंप घेतल्यावर चूळ न भरणं, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स ही त्याची नेहमीची कारणं. त्यावर बुरशीविरोधी औषधच लागतं. हे औषध लिहून घेताना मधुमेहाच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना आवर्जून सांगा. फ्लुकोनॅझोल गोळी किंवा मायकोनॅझोल जेल ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर वाढवतात आणि साखर एकदम खाली जाऊ शकते.

जीभ गुळगुळीत, तुकतुकीत, मांसासारखी लाल दिसत असेल तर बी-१२ जीवनसत्त्व, लोह किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता तपासायला हवी. जिभेवरच्या पेशी फार भराभर बदलतात. नव्या पेशींसाठी बी-१२ आणि फॉलिक ॲसिड लागतं. ते कमी पडलं की जिभेवरचे बारीक काटे झिजतात आणि साधा चहाही पोळतो. पुण्यात हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी सापडलं. शाकाहार, त्यात दूध बेताचं, आणि मधुमेह असेल तर वर अनेक वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची नेहमीची गोळी. ही गोळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२चं शोषण कमी करते. वर्षं आणि डोस वाढत जातात तशी तूट वाढते.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पायांना मुंग्या आल्या की त्या साखरेच्याच खात्यावर टाकल्या जातात, पण बी-१२च्या कमतरतेतही अगदी तशाच मुंग्या येतात. म्हणून जीभ लाल आणि पाय बधिर असं दोन्ही असेल, तर रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली ते कमी समजतात, २०० ते ३०० हा काठावरचा पट्टा. तपासणीआधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांनी रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांची झीज मागे चालूच राहते. प्रौढ माणसाची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आहे आणि अर्धा लिटर दुधातून साधारण तेवढं मिळतं. मात्र एकदा तूट पडली की ती नुसत्या दुधाने भरत नाही, त्याला गोळी किंवा इंजेक्शन लागतं. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायचं नाही.

जिभेच्या कडेला एकाच जागी जखम असेल तर जवळच्या दातावरून बोट फिरवून बघा, तुटलेली कड सापडते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवलीच पाहिजे. मिश्री, तंबाखू, गुटखा चालू असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सुपारी खाणाऱ्या माणसाला तिखट अचानक सोसेनासं होणं आणि तोंड पूर्ण न उघडणं हे ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देण्यासारखं लक्षण नव्हे.

आता जीभ नेमकी कशाने पोळते ते पाहू, म्हणजे काय वगळायचं हे पाठ करावं लागणार नाही. जिभेच्या नसांवर उष्णता ओळखणारं एक द्वार असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. ते साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच द्वाराला बसतं, म्हणून तिखट ‘गरम’ लागतं. आंबटाने आणि सुजेने ते द्वार आणखी कमी तापमानाला उघडतं. मिसळीची वाटी डोळ्यांपुढे आणा: वाफाळता रस्सा, वर तर्री, पिळलेलं लिंबू, टोकदार फरसाण. चारही मार एकाच घासात. उलट यातली एकेक गोष्ट काढली तर तोच पदार्थ पुष्कळ सोसतो. मोड आलेली मटकी मऊ शिजवून, घोटून, मिरची-लिंबाशिवाय कोमट खाल्ली तर ती उत्तम प्रथिनं देते.

मिरची काढली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. मिरी आणि आलंही त्याच द्वारावर थाप मारतात. गोडा मसाला नावाने गोड, पण त्यातली लवंग आणि दालचिनी सोललेल्या जिभेला चांगलीच झोंबतात. चिंच, आमसूल, टोमॅटो आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. हळद, हिंग, धने-जिऱ्याची बारीक पूड आणि वाटलेली कोथिंबीर यांवर चव भागते. मिठाचा हातही थोडा आखडता घ्या. फोडणीतली अख्खी मोहरी आणि जिरं जिभेच्या चिरांत अडकतं, दिवसभर सलतं. कढीपत्त्याची कडही तशीच. फोडणी करून तूप गाळून घ्या. दाण्याचं कूट हाताला मऊ लागलं तरी जिभेला रवाळ लागतं, ते थोडं पाणी घालून गंधासारखं वाटावं.

रोजच्या जेवणासाठी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे उलट्या प्रमाणाची खिचडी: तांदूळ एक भाग, मुगाची डाळ दोन भाग. एका माणसाला २० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ आणि १०० ग्रॅम किसलेला दुधी. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, दुधी घाला, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, आणि कुकरला चार-पाच शिट्ट्या. वाफ जिरल्यावर रवीने हलकेच मोडा. मिक्सरमधून काढू नका, त्याने ती पेजेच्या वळणावर जाते. वर गाळलेलं चमचाभर तूप. यात कर्बोदकं ४० ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं ११-१२ ग्रॅम. त्याच ६० ग्रॅम तांदळाचा नुसता भात केला तर कर्बोदकं ४७ ग्रॅम आणि प्रथिनं चार-पाचच. आकड्यांतला फरक फार वाटत नाही, पण डाळीचं स्टार्च सावकाश पचतं आणि प्रथिनांमुळे भूक लवकर परतत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाण आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या.

ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं की भाकरी लुसलुशीत होते. तव्यावरून उतरताच ओल्या फडक्यात गुंडाळा, कडक कडा काढून टाका, उरलेली पातळ वरणात कुस्करून अर्धा तास मुरू द्या. गार दुधातही चालते, साखरेशिवाय. सोबत पिठलं करायचं तर ३० ग्रॅम बेसन पाण्यात कालवून गाळून घ्या, गुठळी राहिली तर ती जिभेला लागते. मंडईत दुधी, पडवळ, कोवळा दोडका, कोहळा बारा महिने मिळतात. साल आणि बिया काढून शिजवल्या की यांत बोचण्यासारखं काही उरत नाही.

जेवताना क्रम पाळा: आधी वरण, दही किंवा अंडं आणि भाजी, भात-भाकरी शेवटी. जेवणानंतरची साखर याने कमी चढते. एकदम दोन वाट्या रेटण्यापेक्षा दर तीन तासांनी थोडं खा. सगळं कोमट किंवा गार असू द्या. दही त्याच दिवशी लागलेलं, आंबट न झालेलं घ्या. दुधातलं केसिन तिखटाला बांधून घेतं, म्हणून चुकून तिखट घास गेला तर पाण्यापेक्षा घोटभर गार दूध बरं. फळांचा रस टाळा. उपवास असेल तर साबुदाण्याऐवजी दूध, ताजं पनीर आणि भोपळ्याचं गोड दह्यातलं भरीत.

तोंडाला मध किंवा गुलकंद लावण्याची पद्धत मधुमेहात नको. चमचाभर मधात सुमारे सहा ग्रॅम साखर असते, आणि ती बरोबर जिथे बुरशी आहे तिथेच जाऊन बसते. त्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार वेळा, विशेषतः जेवणानंतर, चुळा भरा. गिळू नका. फेसाळ, झणझणीत पुदिन्याची टूथपेस्ट जीभ सोलवटवते. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं रसायन नसलेली सौम्य पेस्ट घ्या. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उशाशी पाण्याचा तांब्या असू द्या.

दुखतं म्हणून जेवण निम्म्यावर येतं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड मात्र पूर्ण घेतलं जातं, इथे खरा धोका आहे. घाम, थरथर, गोंधळलेपण जाणवलं की साखर मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर अर्धा पेला साध्या पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. लिंबू सरबत नको, ते झोंबतं आणि पेला अर्धवट राहतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी घरातली साखर नव्हे, ग्लुकोजच वापरायचं, कारण या गोळ्या साखरेचं विघटन अडवतात. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना खाणं-पिणं फारच कमी झालं तर गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

जीभ निवू लागली की सगळं एकदम सुरू करू नका. आधी अन्न थोडं घट्ट करा, मग भाकरीचा कडक पापुद्रा, मग आमटीत आमसुलाचा एक तुकडा. मिरची सगळ्यात शेवटी, तीही अख्खी टाकून, ताटात वाढण्याआधी बाहेर काढून.