रोमँटिक टुटू आणि क्लासिकल टुटू: नाव एक, कामं दोन

‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’ या दोन बॅलेंची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत पांढरा पोशाख, दोन्हींत जाळीचे थरावर थर, दोन्हींत नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी. पोशाखाचं नावही एकच, टुटू. फरक दिसतो तो लांबीचा. जिझेलचा घेर पोटरीपर्यंत उतरतो, तर हंसराणी ओडेटचा कमरेखालून आडवा बाहेर येतो. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत असते की लांब टुटू काळाच्या ओघात आखूड होत गेला, बाकी वस्त्र तेच. काळाचा क्रम तसा आहे खरा. पण या दोघांची शिवण वेगळी, कामं वेगळी, आणि नर्तकीच्या शरीराबद्दल ते प्रेक्षकाला जे सांगतात तेही जवळपास उलट.

लांब तो रोमँटिक टुटू. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले पहिल्यांदा झाला. फिलिप्पो ताल्योनी यांनी तो आपल्या मुलीसाठी, मारी ताल्योनीसाठी रचला होता. तिची भूमिका सिल्फीदची, म्हणजे हवेत वावरणाऱ्या, हाती न लागणाऱ्या एका परीची. अंगाबरोबर बसणारी चोळी आणि तिच्याखाली पांढऱ्या तलम मलमलीचा फुगीर घेर, असा तिचा वेश होता. घेर गुडघ्यांच्या बराच खाली यायचा, घोटे आणि पावलं तेवढी मोकळी. नऊ वर्षांनी, १८४१ मध्ये, ‘जिझेल’ आला. त्याच्या दुसऱ्या अंकातल्या विली, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं, अशाच वेशात नाचतात.

या लांबीत मोठी हुशारी आहे. गुडघा आणि मांडी झाकलेली असल्याने उडी मारताना लागणारा जोर दिसत नाही. नर्तकी वर जाते, घेरात हवा भरते, ती खाली येते तरी कापड मागाहून सावकाश उतरतं. डोळ्याला वाटतं, उडी अजून संपलेलीच नाही. त्यात ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे होते. ते मंद करता येत, आणि त्या उजेडात पांढरं तलम कापड आतून उजळल्यासारखं दिसे.

पण तोच उजेड जीव घेणाराही होता. एमा लिव्री ही मारी ताल्योनीची लाडकी शिष्या. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी ऑपेरात तालीम चालू असताना तिच्या घेराने गॅसच्या ज्योतीवर पेट घेतला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती गेली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. कापड लवकर पेटू नये म्हणून त्याला रासायनिक द्रावणात बुडवण्याची सोय तेव्हा होती. पण त्याने कापड ताठ आणि मळकट दिसे, म्हणून तिने ते घालायला ठाम नकार दिला होता. तिच्या त्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवले आहेत. रोमँटिक टुटूच्या हलकेपणाविषयी लिहिताना मला हे वगळता येत नाही. त्या हलकेपणाची किंमत नर्तकींनी मोजली आहे.

आता क्लासिकल टुटू. याचं घर रशिया, पण त्याला आकार यायला कारण ठरल्या इटालियन नर्तकी. मिलानमध्ये तयार झालेल्या या बायकांचे पाय विलक्षण ताकदीचे होते, आणि ती ताकद लोकांना दिसावी असं त्यांना वाटत होतं. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आली. तिने आखूड घेराचा हट्ट धरला होता असं सांगतात. पुढे १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरीना लेन्यानीने एका पायावर उभं राहून, दुसरा पाय चाबकासारखा फिरवत सलग ३२ गिरक्या घेतल्या. पोटरीपर्यंतच्या घेरात हे केलं असतं तर कापड पायाभोवती गुंडाळत राहिलं असतं आणि फिरणारा पाय कुणाला दिसलाच नसता. इथे पाय हाच पाहण्याचा विषय आहे.

तरीही लेन्यानीचा टुटू गुडघ्यापर्यंतचा होता. आज आपण पाहतो तो थाळीसारखा सपाट टुटू विसाव्या शतकातला. फ्रेंच चित्रकार देगाच्या चित्रांतल्या नर्तकींचा घेर दोहोंच्या मधला, खाली झुकलेला; त्याला बेल टुटू म्हणतात.

शिवणीतला फरक तर आणखी सांगण्यासारखा. रोमँटिक टुटूत चार-सहा थर चुण्या घालून कमरेच्या पट्टीला जोडतात आणि ते आपल्या वजनाने खाली पडतात. क्लासिकलमध्ये कमरेखाली नितंबांवर घट्ट बसणारी पट्टी असते आणि तिला जोडलेली चड्डी. ताठ जाळीच्या झालरी या चड्डीवरच ओळीने शिवतात, बहुधा दहा-बारा किंवा त्याहून जास्त. सगळ्यांत खालची झालर सगळ्यांत आखूड, मग वरची प्रत्येक थोडी लांब, म्हणजे खालच्या झालरी वरच्यांना उचलून धरतात. मधल्या एखाद्या थरावर नेफा करून त्यात पोलादी तार ओवतात. शेवटी सगळे थर सैल टाक्यांनी एकमेकांना बांधतात, नाहीतर ते सुटे फडफडतील. कापणं, चुण्या, टाके, सगळं बहुतांशी हातानेच. म्हणूनच तो महाग असतो आणि कपडेपटात आडवा किंवा उलटा टांगून ठेवावा लागतो. रोमँटिक टुटू मात्र सरळ टांगला तरी चालतो.

या तारेचा एक त्रास होता. गर्दीच्या नाचात एकीचा घेर शेजारणीला लागला की तो कलंडायचा आणि हेलकावा ओळभर जायचा. न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालँचिन यांच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये तारच काढून टाकली, थर कमी केले आणि मऊ, किंचित खाली झुकणारा टुटू केला. तो पावडर-पफ टुटू.

भुतं-पऱ्या असतील तर लांब आणि राजकन्या असेल तर आखूड, असा ठोकताळा कुणी सांगेल. तो ‘ला बायादेर’मध्ये मोडतो. १८७७ चा हा बॅले भारतात घडतो, नायिका निकिया मंदिरातली नर्तकी. मेलेल्या निकियाच्या सावल्या उतारावरून एकेक करत येतात तो प्रसंग म्हणजे भुतांचाच नाच. पण आज तो सहसा आखूड, सपाट टुटूत होतो. तिथे एकाच मापाने एकामागून एक उचलला जाणारा प्रत्येक पाय दिसावा लागतो. कथेत कोण आहे यापेक्षा नाचात काय दाखवायचं आहे, यावर टुटू ठरतो.

दोन्ही एकाच रात्री पाहायचे असतील तर बालँचिन यांचा १९६७ चा ‘ज्युवेल्स’ पाहावा. पोशाख पुन्हा कारिन्स्का यांचेच. ‘एमराल्ड्स’ या पहिल्या भागात फॉरेच्या संगीतावर लांब हिरवे रोमँटिक टुटू, तर ‘डायमंड्स’ या शेवटच्या भागात चायकोव्हस्कीच्या संगीतावर पांढरे आखूड. पहिल्या भागात पावलांकडे आणि हातांकडे पाहा, शेवटच्या भागात मांडीपासून टाचेपर्यंत सरळ रेषेत ताणलेल्या पायाकडे.