बेघो: मातीच्या उंचवट्यांखालची सोन्याची पेठ

घानाच्या बोनो विभागात हानी नावाचं एक गाव आहे. गावाबाहेर, गवताझुडपांत, ठिकठिकाणी जमीन थोडी फुगलेली दिसते आणि त्यांतले काही उंचवटे काटकोनात वळलेले असतात. एवढंच. कमान नाही, बुरूज नाही, दगडात कोरलेलं एक अक्षर नाही. अवशेष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हंपी किंवा देवगिरी येते, त्यामुळे इथे आलेल्याला वाट चुकल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. पण हेच बेघो. घरं मातीची होती. माणसं निघून गेली, आणि दर पावसाळ्यात भिंती थोड्या थोड्या विरघळून जागच्या जागी बसल्या. काटकोनी उंचवटा म्हणजे अंगणाभोवतीच्या खोल्यांचा कोपरा. हे एकदा कळलं की त्याच गवतात घरं दिसू लागतात.

हे गाव नेमकं इथेच का वसलं, याचं उत्तर एका माशीत आहे. दक्षिणेला अकान लोकांचं घनदाट जंगल, त्यात सोनं आणि कोलाची फळं. उत्तरेला मोकळं गवताळ रान, तिथून पुढे नायजर नदी, जेने आणि टिंबक्टू ही व्यापारी शहरं आणि सहारा. रानातून माल गाढवांच्या पाठीवर येई. पण जंगलातल्या त्सेत्से माशीच्या चाव्याने गाढवं आणि घोडे आजारी पडून मरत. म्हणून जंगलाच्या कडेला ओझी उतरायची आणि पुढची वाट माणसाच्या डोक्यावरून चालायची. जिथे ओझं खांदा बदलतं तिथे बाजार भरतो, आणि बेघो त्याच जागी उभं राहिलं.

उत्तरेकडून सहारातल्या खाणींचं मीठ, तांबं-पितळ, कापड यायचं. परत जाताना सोन्याची पूड आणि कोला. कोलाची बी उत्साह आणणारी. दारू निषिद्ध असलेल्या मुस्लिम समाजात तिला फार मान होता. पण ती वाळली की संपली. विड्याच्या पानांसारखीच ती ओल्या पानांत गुंडाळून, वाटेत पुन्हा पुन्हा बांधून न्यावी लागे. ही सगळी ने-आण मांडे भाषा बोलणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हाती होती, ज्यांना वांगारा किंवा द्युला म्हणतात.

1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मेरिक पोझनान्स्की यांनी घाना विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं. त्यातून जे गाव समोर आलं त्याच्या, आपल्या शब्दांत, वेगवेगळ्या पेठा होत्या. ब्राँग ही स्थानिक अकान लोकांची आणि क्रामो ही मुस्लिम व्यापाऱ्यांची. अकान भाषेत क्रामो म्हणजेच मुसलमान. न्यार्को सर्वांत जुनी, 11व्या शतकाच्या आसपासची. चौथी, द्विन्फुओर, कारागिरांची.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ही चौथी पेठ. तिथे पितळ वितळवायच्या मातीच्या मुशी मोठ्या संख्येने सापडल्या. ओताऱ्याच्या भट्टीजवळ जसा फुटक्या मुशींचा ढीग साठतो, तसाच हा. सोन्यावर चालणाऱ्या या प्रदेशात पितळ एवढं का लागावं? एक कारण असं की सोनं तोलायची वजनं पितळेची असत. अकान ओतारी मेणाचा साचा करून पक्षी, मासे, ढाली, गाठी अशा आकारांची बोटभर वजनं ओतत. त्यांची मापं उत्तरेकडच्या इस्लामी वजनपद्धतीशी जुळतात, हे या वजनांचे अभ्यासक टिमथी गॅरर्ड यांनी हजारो वजनं तपासून दाखवलं. सर्वांत हलक्या तोलासाठी मात्र एक बी वापरत: लाल, डोक्यावर काळा ठिपका असलेली. आपली गुंजच ती. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा मोजणाऱ्या आपल्या सोनारांच्या तराजूत जी बी होती, तीच अकान व्यापाऱ्याच्याही पुडीत असे.

उत्तरेशी असलेलं नातं किती लांबवर पोचत होतं, याची खूण शेजारच्या न्सॉकॉ गावात आहे. तिथे अरबी अक्षरं कोरलेली पितळी घंगाळी पिढ्यानपिढ्या पवित्र मानून जपली आहेत. ती मामलूक सुलतानांच्या काळातल्या इजिप्तकडची आहेत. सबंध वाळवंट ओलांडून ती इथवर आली.

1471मध्ये पोर्तुगीज आजच्या घानाच्या किनाऱ्यावर पोचले आणि 1482मध्ये त्यांनी तिथे एल्मिनाचा किल्ला बांधला. आतल्या बाजारपेठांचं नाव त्यांच्याही कानी गेलं. दुआर्ते पाशेको परेरा या पोर्तुगीज दर्यावर्द्याने 16व्या शतकाच्या सुरुवातीला ‘बेतू’चा उल्लेख केला, तो बेघोचाच असं मानतात. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोर्तुगीज आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याकडून गुलाम आणून एल्मिनात अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकत, आणि व्यापारी त्यांच्याच डोक्यावर माल लादून आत नेत. जंगलात जनावर चालत नाही याची किंमत अखेर माणसांनी भरली. सोन्याच्या पेठेचं कौतुक करताना ही ओझी विसरता येत नाहीत.

हळूहळू सोन्याचा ओघ किनाऱ्याकडे वळू लागला. बेघोच्या आग्नेयेला बोनो मान्सो ही बोनो राज्याची राजधानी होती. आपले पूर्वज तिथल्या अमोवीच्या गुहेतून बाहेर आले, अशी बोनो लोकांची श्रद्धा. 1722-23 मध्ये दक्षिणेकडच्या असांते राज्याचा राजा ओपोकु वारे याच्या सैन्याने बोनो राज्य जिंकलं. बेघोचीही पडझड त्याच सुमारास झाली. पेठापेठांत भांडणं लागल्याच्या आठवणी मौखिक परंपरेत आहेत. मुस्लिम व्यापारी बोंडुकू, कोंग अशा गावांकडे पांगले.

बोनो मान्सोनंतर त्या राज्याचं केंद्र जवळच्या टेचिमानला आलं. तिथला आठवडी बाजार आज घानातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी आहे. दक्षिणेकडचे व्यापारी याम नावाचे कंद आणि मका घ्यायला येतात, बुर्किना फासो आणि नायजरकडून ट्रक येतात, आणि पोती उतरवायला माणसं डोक्यावर चुंबळ ठेवून उभी असतात.