मारिजुआना (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

मारिजुआना : भांगेच्या झाडाची (कॅनाबिस सटायव्हा) वाळवलेली पाने व फुलोरे यांस, विशेषतः ओढण्याचे मादक द्रव्य या अर्थी, उत्तर अमेरिकेत रूढ असलेला शब्द. तो मेक्सिकन स्पॅनिशमधून इंग्रजीत गेला. स्पॅनिशमधील उच्चार ‘मारिहुआना’च्या जवळचा आहे, मराठीतील ‘ज’ इंग्रजी लिपीतील अक्षरावरून आला. गांजा हा त्याचा नेमका प्रतिशब्द नव्हे, कारण गांजा म्हणजे काटेकोरपणे मादी झाडाचे फुलोरे.

हे झाड मूळचे अमेरिकेतले नाही. दोरखंडांच्या वाखासाठी स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात ते मेक्सिकोत नेले. १८४६ च्या मेक्सिकन औषधिकोशात ‘मारिग्वाना’ हे रूप आढळते. आजवर दाखवता आलेल्या नोंदींत ते सर्वांत जुने मानतात. बोलीत शब्द त्याआधीच रुळलेला असावा.

व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. मारिया आणि हुआना (मेरी व जेन) या स्त्रीनामांचा हा जोड, हे मत सर्वांत लोकप्रिय. मेक्सिकोत याच वनस्पतीला ‘रोसा मारिया’ही म्हणत, हा त्याला आधार. मेक्सिकोतील नाहुआत्ल या मूळ भाषेतील ‘मल्ली’ (युद्धकैदी) या शब्दाशी जोडणारे मत वारंवार उद्‌धृत होते, परंतु कैदी व वनस्पती यांचा अर्थसंबंध कोणी दाखवलेला नाही. शिवाय नाहुआत्लमध्ये ‘र’ नाही, आणि तिच्यातून स्पॅनिशमध्ये आलेल्या चिले (मिरची), मोले (रस्सा) या शब्दांत ‘ल’ तसाच टिकला. मग इथेच तो का बदलावा? ‘मा-रेन-हुआ’ या चिनी मुळाच्या मतापुढे कालक्रमाची अडचण आहे. चिनी मजुरांचे मोठे स्थलांतर १८४६ नंतरचे. मात्र मनिला-अकापुल्को (फिलिपीन्स ते मेक्सिको) जहाजमार्गाने आशियाई लोक त्यापूर्वीही येत, हे लक्षात घ्यावे लागते. मरव्यासारख्या एका सुगंधी वनस्पतीचे ‘मेहोराना’ हे स्पॅनिश नावही सुचवले गेले आहे. अंगोलातील किंबुंदू भाषेतील ‘रियांबा’ (भांग) हे मूळ अर्थदृष्ट्या अधिक सरळ ठरते. ब्राझीलमधील ‘दियांबा’ व ‘माकोन्या’ हे शब्द गुलामांबरोबरच अंगोलातून आले असे मानतात. मेक्सिकोत आणलेले बरेच आफ्रिकी गुलामही अंगोलाचेच; पण तो व्यापार मुख्यतः १६४० पूर्वीचा, आणि मधल्या दोन शतकांचा दुवा सापडत नाही. अर्थ हरवलेल्या परक्या शब्दाला लोकांनी ओळखीच्या स्त्रीनामांचा आकार दिला असावा, असे मानल्यास ‘रियांबा’चे व स्त्रीनामांचे ही दोन मते परस्परविरोधी राहत नाहीत.

इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. मेक्सिकोने १९२० मध्ये या द्रव्यावर देशभर बंदी घातली. अमेरिकेत १९३७ च्या करकायद्यात ‘मारिहुआना’ हेच नाव घातले गेले. त्याच्या सुनावणीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे विल्यम वुडवर्ड यांनी तक्रार केली, की या अपरिचित नावामुळे आपण वापरतो त्या कॅनाबिस औषधाविषयीच हा कायदा आहे हे डॉक्टरांना उमगले नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांहून अधिक टीएचसी (भांगेतील मुख्य मादक घटक) नसलेले झाड ‘मारिहुआना’ या संज्ञेतून वगळले. वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये आपल्या कायद्यांत ‘मारिजुआना’ऐवजी ‘कॅनाबिस’ शब्द घातला.

भारतीय अमली पदार्थ कायद्यात (१९८५) चरस व गांजा या संज्ञा आहेत. फुलोऱ्यांविना असलेली पाने, म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत.