कृष्णविवर तारा अख्खा गिळते का?
कृष्णविवर तारा अख्खा गिळते आणि मागे काहीच दिसत नाही, हा समज सोलापुरात आकाशदर्शनाला जमणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये आजही आढळतो. सूर्यासारख्या ताऱ्याबाबत तो सूर्याच्या सुमारे १० कोटी पटींहून जड कृष्णविवरांपुरताच खरा आहे. दीर्घिकेच्या केंद्रातल्या, त्याहून हलक्या महाकाय कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षणाची ओढ ताऱ्याला बाहेरच फाडते. साधारण निम्मे द्रव्य दूर फेकले जाते, आणि उरलेले परत येताना इतके तापते की दीर्घिकेचे केंद्र अतिनील व क्ष-किरणांत काही महिने उजळते. १९९० मध्ये रोसॅट उपग्रहाने एनजीसी ५९०५ दीर्घिकेत असा भडका टिपला. पुढे तो मंदावत गेला, आणि हे मंदावणेच माझ्या मते तारा फाटल्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून त्यांसाठी २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटसारखी अवकाशातील वेधशाळाच लागते.