वीण परजीविता (पक्षी)

स्वतः घरटे न बांधता दुसऱ्या जातीच्या घरट्यात अंडी घालायची आणि उबवणीपासून पिल्लू उडते होईपर्यंतचा सारा भार त्या पक्ष्यांवर टाकायचा, या प्रजननपद्धतीला वीण परजीविता म्हणतात. अंडे घालणारा तो परजीवी, ज्याच्या घरट्यात ते पडते तो यजमान. जगातील पक्ष्यांच्या सुमारे १ टक्का जाती, म्हणजे शंभराच्या आसपास, केवळ याच मार्गाने वीण करतात. त्यांतील निम्म्याहून अधिक कोकीळ कुलातल्या आहेत. उरलेल्यांत मधुदर्शक, अमेरिकेतील काउबर्ड, आफ्रिकेतील व्हायडा आणि दक्षिण अमेरिकेतील एक बदक येते.

महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची जोडी कोकीळ आणि कावळ्याची. गावकावळे साधारण एप्रिल ते जून या काळात घरटी करतात आणि कोकिळेची वीणही त्याच सुमारास होते. काळा नर घरट्याजवळ येऊन ओरडतो, कावळे त्याच्यामागे धावतात आणि तेवढ्यात तपकिरी, ठिपकेदार मादी अंडे घालून जाते. अंडे कावळ्याच्या अंड्यासारखेच फिकट हिरवट, तपकिरी ठिपक्यांचे, पण लहान असते: कावळ्याचे सुमारे ३७ मिमी लांब, तर कोकिळेचे सुमारे ३० मिमी. वेळ साधणे फार महत्त्वाचे असते. यजमानाची अंडी घालून बरेच दिवस झाले असतील, तर उशिरा फुटलेले परके पिल्लू मोठ्या पिल्लांपुढे टिकत नाही. वेळ साधली तर मात्र पारडे फिरते, कारण कोकिळेचे अंडे १२ ते १४ दिवसांत फुटते आणि कावळ्याच्या अंड्याला १६-१७ दिवस लागतात. कोकिळेचे पिल्लू सहसा कावळ्याची अंडी किंवा पिल्ले बाहेर ढकलत नाही. उशिरा फुटलेली पिल्ले चाऱ्याच्या स्पर्धेत मागे पडून मरतात, पण काही जगतातही.

कोकीळ कुलातलाच युरोपातील कुक्कू याहून कठोर आहे. डोळेही न उघडलेले त्याचे पिल्लू पाठीवरच्या खळग्यात एकेक अंडे घेऊन घरट्याच्या कडेवरून टाकून देते. एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. इथे यजमानाची संपूर्ण वीण जाते.

यजमानाचा पहिला बचाव म्हणजे परजीवीला घरट्यापाशी फिरकूच न देणे. कावळे कोकिळेला दिसताक्षणी हुसकतात. चातकाची निळी अंडी ज्यांच्या घरट्यात पडतात ते सातभाई थव्याने तुटून पडतात. हा पहारा चुकला की प्रश्न येतो अंडे ओळखण्याचा. अनेक पक्षी पहिल्या विणीत आपल्या अंड्यांचा रंग आणि ठिपके मनात ठसवून घेतात आणि न जुळणारे अंडे काढून टाकतात. निक डेव्हिस आणि मायकेल ब्रूक या संशोधकांनी १९८० च्या दशकात इंग्लंडमधील विकेन फेन या दलदलीत रीड वॉर्बलर या कुक्कूच्या छोट्या यजमान पक्ष्याच्या घरट्यांत रंगवलेली नकली अंडी ठेवून पाहिली. वेगळ्या रंगाची अंडी नाकारली गेली, जुळणारी बरीचशी स्वीकारली गेली. म्हणजे यजमान जितका चोखंदळ, तितकी परजीवीच्या अंड्याची नक्कल हुबेहूब होत जाते.

ओळखले तरी अंडे काढणे सोपे नसते. लहान चोचीत ते मावत नाही. भोसकून फोडावे, तर परजीवीचे कवच जाड असते. चोच उसळून स्वतःचेच अंडे फुटू शकते. त्यामुळे काही पक्षी घरटेच सोडतात. उत्तर अमेरिकेतील यलो वॉर्बलर काउबर्डच्या अंड्यासकट आपलीही अंडी नव्या अस्तराखाली गाडतो आणि वर पुन्हा वीण करतो.

पिल्लू नाकारणारे यजमान विरळ आहेत. ऑस्ट्रेलियातील सुपर्ब फेअरीरेन घरट्यात एकटेच उरलेले ब्राँझ-कुक्कूचे पिल्लू सुमारे ४० टक्के वेळा सोडून देतो आणि दुसरे घरटे करतो. हे इतके विरळ का, याचे एक पटणारे कारण सांगितले जाते. पहिल्याच विणीत फक्त परके पिल्लू वाट्याला आले आणि तेच रूप मनात ठसले, तर तो पक्षी पुढे आयुष्यभर स्वतःचीच पिल्ले नाकारेल.

कावळ्यासारखा हुशार पक्षी कसा फसतो, हे नेहमी विचारले जाते. उत्तर त्याच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा नफा-तोट्यात शोधावे. अंडी पारखताना चूक झाली तर स्वतःचेच अंडे जाते. कोकिळेचे अंडे उबवले तर आपली काही पिल्ले तरी वाचू शकतात. रीड वॉर्बलरही हा हिशेब परिस्थितीनुसार बदलतो. घरट्याजवळ कुक्कू दिसला, तर तो अंडी अधिक काटेकोरपणे नाकारतो. विकेन फेनमध्ये कुक्कू कमी होत गेले तसे अंडी नाकारण्याचे प्रमाणही घटले आणि ही घट इतकी झपाट्याने झाली की केवळ आनुवंशिक बदलाने तिचा उलगडा होत नाही.